तरवड आणि मामांचा चंडोल

त्या काळी मी काहीही लिहिलं तरी त्याचं पत्रक व्हायचं. आईला खुशाली कळवतानासुद्धा कागदावर आधी "बंधूंनो" उमटायचं.

सोलापुरात मी मामांकडे राहत होतो. मामा हातमागावर लुगडी विणत आणि मागाशेजारी पिंजऱ्यात चंडोल टांगत. चंडोल जे ऐकेल ते उचलतो. आमच्या चंडोलानं गिरणीचा भोंगा उचलला होता.

एका रविवारी कामगारांच्या सभेत मी माझं पहिलं पत्रक वाचायचं ठरलं. ते पटलं तरच पुढची पत्रकं मला लिहायला मिळणार होती. मी लिहिलं: बंधूंनो, तरवड व्हा, चंडोल होऊ नका. तरवडाला कुणी पाणी घालत नाही, शेळीही तोंड लावत नाही, तरी माळावर भर उन्हात तो पिवळाधमक फुलतो. चंडोल मात्र राळ्याच्या मूठभर दाण्यांसाठी पिंजऱ्यात बसून मालकाचा भोंगा गातो.

वाचून संपलं तेव्हा माझी मूठ वरच होती. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लेकरा, तरवडाची साल कशाला लागती, ठावं हाय का?"

"नाही."

"कातडं कमवायला. त्या कातड्याचं पट्टं मी गिरणीत शिवतो. त्येच्यावरच मालकाची समदी चाकं फिरत्यात की."

"म्हंजी तरवडच फितूर," मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

चूक दिसली की चारचौघांत कबूल करायची, हे माझं तत्त्व. मी म्हणालो, "तरवड मागे घेतो. मग एकट्या चंडोलावर, आमच्या मामांच्या पाखरावर, अन्याय झाला."

"मग त्येची माफी माग की," म्हातारा म्हणाला. "चल, आमी येतो."

सहा जण खरंच घरी आले आणि चपला दाराशी काढून बसले. मामांनी माग थांबवला. "काय केलं ह्यानं?"

"तुमच्या पाखराला गुलाम म्हणला."

"मग हात जोडून माग," मामा म्हणाले.

मी पिंजऱ्यापुढे हात जोडले. चंडोलानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि लांबलचक भोंगा दिला.

सहाही जण ताडकन उठले. म्हाताऱ्याचा तर एक पाय चपलेत गेलासुद्धा.

"आज रविवार हाय," मामा म्हणाले.

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं चपलेतला पाय बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"पुढलं पत्रक बी तूच लिही," तो मला म्हणाला. "पर झाडापाखराचं ऱ्हाऊ दे. ह्या पायाचं लिही."