मधेच विचारणाऱ्या काकू

विद्यापीठातल्या आमच्या खोलीत माझ्या समोरच्या टेबलाशी संख्याशास्त्राचे सर बसतात. दर दोन वाक्यांनंतर तात्पर्य सांगायची त्यांना खोड, म्हणून मुलं त्यांना 'तात्पर्य सर' म्हणतात. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. आठवडाभराने सर कामावर आले आणि तेव्हापासून ते फक्त 'चालेल' म्हणतात. खिडकी लावू? चालेल. तुमचा तास दुपारी ढकलू? चालेल. समोर ठेवलेला चहा निवतो, शिपाई कप उचलून नेतो, तेही चालतं. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला काही वाटतं की नाही?" त्यांनी खरोखर विचार केला. "नाही वाटत, मॅडम." आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

त्यांची बायको माझी मैत्रीण. केस कापायचं दुकान होतं तिचं. कात्री थांबेल, पण तोंड थांबणार नाही. साथीच्या काळात विद्यापीठही बंद आणि दुकानही बंद. सर बैठकीच्या खोलीत फळा लावून शिकवायचे आणि ती व्हिडिओ काढायला समोर फोन धरून उभी. नको तो भाग कापायचा कसा हे सरांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे जे झालं ते सगळं मुलांपुढे तसंच गेलं.

आमच्या विभागप्रमुखांना मुलांना अभ्यासाची गोडी लावायचा भारी नाद. त्यांनी भिंतीभर सुविचार लावले. मग फोनवर प्रश्नमंजूषा घेतली, जिंकणाऱ्याला पॉवर बँक दिली. पोरं पॉवर बँक घेऊन गेली ती गेलीच, वर्गात फिरकली नाहीत. आता त्यांच्या हाती नवं खेळणं आलं होतं: मुलं कुठला व्हिडिओ किती पाहतात, कुठे थांबतात, कुठून मागे जातात, सगळ्याचा आलेख. तो घेऊन ते आमच्या खोलीत आले.

"सर, तुमच्या या तासात एका जागी मुलं सारखी मागे जातायत," ते म्हणाले. "म्हणजे तिथे समजत नाही. शिवाय मागे कुणाचा तरी आवाज येतो, घरातली गडबड. आपण स्टुडिओत स्वच्छ करून घेऊ. जुना काढून टाकू."

"चालेल," सर म्हणाले.

मला बसल्या जागी राग आला. तो आवाज त्यांच्या बायकोचा होता, आणि तो दुसरीकडे कुठेही उरलेला नव्हता. फोटो काढून घ्यायला ती पुढे असायची, पण बोलणं कोण साठवून ठेवतं? सरांनी ते व्हिडिओ ती गेल्यापासून उघडलेही नव्हते. आणि हा माणूस म्हणे चालेल!

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गातल्या एका मुलीला विचारलं, त्या जागी तुम्ही मागे का जाता?

"मॅडम, तिथे काकू विचारतात ना, ते ऐकायला. त्यांनी विचारल्यावर सर परत सांगतात, तेव्हा डोक्यात शिरतं. वर्गात नाही कळलं म्हणायची आमची छाती होत नाही."

मी हे सरांना सांगितलं. "असं का," म्हणून ते पेपर तपासत राहिले. विभागप्रमुखांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, विद्यापीठाच्या दर्जाचा प्रश्न आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सरांबरोबर गेले. काळी भिंत, पांढरे दिवे, बाहेरचा एवढासाही आवाज आत येत नव्हता. कॅमेरावाला हेडफोन लावून बसला. सरांनी शिकवायला सुरुवात केली. सरासरी म्हणजे काय ते झालं. "पण सरासरी सारखी असली तरी आकडे कमीजास्त पांगलेले असू शकतात. तात्पर्य," असं म्हणून ते थांबले.

कॅमेरावाल्याने हाताने पुढे जायची खूण केली. सर कॅमेऱ्याच्या जरा वर, कुणी फोन धरून उभं राहील तेवढ्या उंचीवर पाहत होते.

"सर, विसरलात का? परत घेऊ?"

परत घेतलं. पुन्हा तिथेच थांबले.

"इथे ती विचारते," सर म्हणाले.

कॅमेरावाल्याला काही कळेना. तो माझ्याकडे पाहायला लागला.

"जुनं आहे का तुमच्याकडे?" सरांनी विचारलं. "लावता जरा?"

त्याने पडद्यावर लावलं. घरचा फळा, किंचित हलणारं चित्र. मग तिचा आवाज, अगदी जवळून. "अहो, एक मिनिट. मला नाही कळलं."

"तुला कळायची गरज नाही. तू फोन सरळ धर," पडद्यावरचे सर वैतागले होते.

"मला कळत नाही, तर त्या पोरांना काय डोंबल कळणार?"

पडद्यावरच्या सरांनी खडू खाली ठेवला. "बरं. तुझ्या दुकानात दोघी आहेत. एक दर वेळी वीस मिनिटांत केस कापते. दुसरी कधी दहा मिनिटांत, कधी तीस. सरासरी दोघींची वीसच. घाईतलं गिऱ्हाईक तू कुणाकडे बसवशील?"

"पहिलीकडे. दुसरीचा काय भरवसा!"

"झालं. तेच मी मघापासून सांगतोय."

"मग असं सांगा ना, आकडे कशाला फेकता," असं म्हणून ती हसली, आणि तिच्याबरोबर सगळं चित्र हललं.

"मागे घ्या जरा," सर म्हणाले.

त्याने मागे घेतलं. अहो, एक मिनिट. मला नाही कळलं.

"परत मागे घ्या."

तिसऱ्यांदा झाल्यावर कॅमेरावाल्याने हेडफोन काढून ठेवला. "सर, मग नवीन आज घ्यायचं का? हे जुनं संध्याकाळी काढून टाकायला सांगितलंय."

"नाही चालणार," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "मागे घ्या."