पालथा ग्लास

मेट्रनबाई कधीच मेट्रन झाल्या नाहीत. नर्स म्हणून लागल्या आणि नर्स म्हणूनच रिटायर झाल्या. पण वॉर्डात त्यांचा दराराच असा, की लोकांनी सरकारी बढतीची वाट न बघता ते पद त्यांना परस्पर देऊन टाकलं. गोळी जिभेखाली दडवून नंतर खिडकीबाहेर थुंकणारे भलेभले पेशंट त्यांच्यापुढे निमूट आ करायचे. आता त्या ज्या डॉक्टरकडे तपासून घ्यायला जात, तो त्यांच्याच वॉर्डात शिकलेला. त्या केबिनमध्ये शिरल्या की बिचारा अजूनही खुर्चीतून उठून उभा राहायचा.

अशा बाईंच्या कोरफडीच्या कुंडीत मुलीला बीपीच्या गोळ्या सापडल्या. चांगल्या मूठभर.

"आई, हे काय आहे?"

"खत," मेट्रनबाई म्हणाल्या.

मुलीला हसू आलं नाही. तिला परगावी बढती मिळाली होती, आणि आईला एकटं सोडायचं कसं म्हणून होकार अडला होता. तिने फोन उचलला. "नाही म्हणून कळवते. तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."

आपल्यापायी पोरीचं नुकसान व्हावं, हे काही मेट्रनबाईंना सोसवेना. मग खरं काय ते बाहेर आलं. मध्यंतरी एकदा गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून त्यांनी पुन्हा घेतली आणि मोरीत चक्कर येऊन पडल्या. लागलं नाही, म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून धास्तीच बसली. गोळी हातात घेतली की शंका यायची, आणि शंका आली की गोळी कुंडीत जायची.

"अख्ख्या वॉर्डाला औषधं दिली गं मी," त्या म्हणाल्या. "आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही."

मुलगी जवळ येऊन बसली. "मग तेव्हा कुणाला दिली, कुणाला नाही, ते कसं लक्षात ठेवायचीस?"

"लक्षात कोण ठेवतंय? गोळी पोटात गेली की उशाशी त्याचा ग्लास पालथा घालायचा. सुलटा दिसला की समजायचं, साहेब अजून बाकी आहेत."

बोलता बोलता त्यांची नजर बेसिनपाशी ठेवलेल्या आपल्या ग्लासाकडे गेली. मुलीने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी भांडण जुंपलेलं ऐकून मुलगी धावत आली. मेट्रनबाई जुनी पांढरी टोपी चढवून आरशासमोर उभ्या होत्या. दोन्ही बाजूंनी त्याच बोलत होत्या.

"चला, गोळी घ्या."

"नंतर घेते," आरशातल्या पेशंटने तोंड वाकडं केलं.

"नंतर म्हणजे कधी? मला दुसरी कामं नाहीत? तोंड उघडा. जीभ वर!"

पेशंटने मुकाट्याने जीभ वर केली. नर्सने नीट बघून घेतलं आणि ग्लास खाडकन पालथा घातला. आता तो रात्री निजतानाच सुलटा व्हायचा. मुलगी तोंडावर हात दाबून आल्या पावली मागे फिरली.

हे नाटक रोज सुरळीत चाललं. मग एका सकाळी शेजारीण आली आणि जावयाची गाऱ्हाणी सांगत बसली. ती गेल्यावर मेट्रनबाई जागच्या जागी थबकल्या. गोळी घेतली? की राहिली? मुलीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. स्वतःच बेसिनपाशी गेल्या.

ग्लास पालथा होता. म्हणजे घेतली होती. आपणच, आपल्या हाताने, कुणी न सांगता! त्यांना इतका आनंद झाला की त्या तिथूनच ओरडल्या, "अगं, होकार कळवून टाक!"

परगावाहून पहिल्याच सकाळी मुलीचा फोन आला. "आई, गोळी घेतलीस ना?"

"पुन्हा विचारलंस तर टोपी घालून तिकडे येईन. तू नाश्ता केलास?"

"हो... केला."

"जीभ वर कर. खोटं तिथेच दडवतात."

मुलगी खळखळून हसली. "उद्या पण करते फोन."

"गोळीसाठी नको करूस. ते माझं मी बघते," मेट्रनबाई म्हणाल्या. "करमत नसेल तर कर. मलाही करमत नाहीये."

फोन ठेवल्यावर त्यांच्या घशाला कोरड पडली होती. पालथ्या ग्लासाला हात न लावता त्यांनी पाण्यासाठी दुसरा ग्लास घेतला.