शेवटचं बिस्किट

थेक्ला रुडेलिउसला आपल्या नाकाबद्दल काही गैरसमज नव्हता. गल्लीच्या वळणावर आधी ते पोहोचायचं, मग ती. चाळिशी उलटली तरी लग्न झालं नव्हतं, म्हणून त्या काळच्या कायद्याने ती धाकट्या भावाच्या ताब्यात होती. भावाने कादंबरी छापायला परवानगी दिली ती एका अटीवर, घराण्याचं नाव तिच्यावर येता कामा नये. थेक्लाने मुकाट मान डोलावली. तिचा शूरपणा होता तो कागदावर.

कादंबरी गाजली. लिहिली कुणी, हे एक्शो गावातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं: नव्या पाद्रीसाहेबांनी. पाद्रीसाहेब नाही म्हणत नव्हते, नुसते लाजत होते. दुसरी कादंबरी तयार झाली तेव्हा थेक्लाने भावाकडे नावासाठी हट्ट धरला.

"चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगून ये, मग छापू नाव," भाऊ म्हणाला. त्याला बहिणीची पुरती खात्री होती.

त्या रविवारी औषधवाल्या नूरेलबाईंकडे कॉफीचं बोलावणं होतं. थेक्लाने सकाळपासून चुलीसमोर एकच वाक्य घोकलं. चुलीला ते पटलं.

नूरेलबाईंकडे नेमकी कादंबरीतली ती प्रौढ कुमारिका गाजत होती. घरी आरशासमोर भाषणं ठोकणारी, आणि लोकांत गेली की "कॉफी छान झालीय" एवढंच बोलणारी.

"अगं बाई, ही तर हुबेहूब आपली थेक्ला!" नूरेलबाई म्हणाल्या. "नाकसुद्धा तेच! पाद्रीसाहेब, तुम्ही पण ना! गरीब गाय सापडली म्हणून काहीही लिहायचं?"

"लेखकाला निष्ठुर व्हावं लागतं, थेक्लाबाई," पाद्रीसाहेब हळुवारपणे म्हणाले. "राग मानू नका."

थेक्लाने तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कॉफी," ती म्हणाली, "छान झालीय."

बायका हसून हसून लोळल्या. थेक्लाही हसली. आपणच आपल्यावर केलेला विनोद इतका अचूक असेल, असं तिला लिहिताना वाटलं नव्हतं. मग मात्र रडू दाटून आलं. ते गिळायला काहीतरी हवं म्हणून तिने हात लांब केला. ताटलीत एकच बिस्किट उरलं होतं. शेवटचं बिस्किट कुणी घ्यायचं नसतं, ते तसंच स्वयंपाकघरात परत जातं. थेक्लाने ते तोंडात टाकलं.

हसू जागच्या जागी थांबलं. नूरेलबाईंचा हात कॉफीच्या किटलीवरच राहिला. लोक आपलं ऐकायला इतके गप्प पुन्हा कधी बसणार नाहीत, हे थेक्लाच्या लक्षात आलं.

"ती कादंबरी माझी आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "ती बाई मीच. आणि नाकही माझंच."

सगळ्यांनी पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. पाद्रीसाहेब याही वेळी नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या कादंबरीवर तिचं नाव आलं, पुढच्या सगळ्यांवर आलं. म्हातारपणी ती खिडकीत बसायची, तेव्हा एक्शोचे लोक परगावच्या पाहुण्यांना तिचं घर दाखवायचे.

"त्या लेखिका ना?" पाहुणे विचारायचे.

"हो, लिहितातही. पण नूरेलबाईंकडचं शेवटचं बिस्किट ज्यांनी खाल्लं ना, त्याच या."

थेक्ला खिडकी मुद्दाम उघडी ठेवायची.