आर्विडच्या विमानाचे शनिवार

आर्विड नेशाइमनं विमान बांधायला घेतलं तेव्हा त्याचे केस पिवळेधमक होते, आणि विमान उडालं तेव्हा डोक्यावर केसच नव्हते. उत्तर डाकोटातला हिवाळा लांबलचक, माणसाला काहीतरी उद्योग लागतो. कुणी पितो, कुणी चर्चच्या समितीत भांडतो. आर्विडनं गॅरेजात दोन माणसांचं विमान मांडलं. धान्याच्या कोठारावर नोकरी, लग्न केलेलं नाही, आणि बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं.

पण शनिवारी ते गॅरेज भरायचं. गावच्या धावपट्टीवर विमानं बाळगणारी चार टाळकी यायची, पत्रा धरायची, कॉफी ढोसायची, चुका काढायची. सगळ्यांत पुढे डुएन प्रोकॉप, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, अंगानं आडवा आणि तोंडानं फटकळ.

"काय रे आर्विड, आधी वर कोण जाणार? हे विमान की आपण?" असं तो विचारायचा आणि स्वतःच खो-खो हसायचा.

या मंडळींचा एक रिवाज होता. ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर खूण करायची नाही. दुसऱ्यानं पाना लावून बघायचं आणि मग पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या नटाला पुन्हा हात लावायची गरज नाही. आर्विडच्या विमानावरचे बहुतेक ठिपके डुएनच्या हातचे होते.

मग विमान पुरं झालं. पहिल्या उड्डाणाला सगळे आले, टाळ्या पिटल्या, केक खाल्ला, आणि पुढच्या शनिवारी कुणीच फिरकलं नाही. दोष कुणाचाच नव्हता, काम संपलं होतं. त्यात सरकारी नियम असा, की अशा विमानात पहिले चाळीस तास एकट्यानंच उडायचं. आर्विड सूर्यफुलांच्या शेतांवरून एकटाच घिरट्या घालायचा, शेजारी रिकामी खुर्ची. शनिवारी कॉफी मात्र मोठ्या भांड्यातच करायचा आणि उरलेली ओतून द्यायचा. त्याला त्या माणसांची आठवण यायची, फार यायची. पण कामाशिवाय माणसाला घरी कसं बोलवतात, हे त्याला या वयातही जमत नव्हतं.

चाळीस तास संपत आले तेव्हा किराणा दुकानात डुएन भेटला. आर्विडनं सगळा धीर एकवटून विचारलं, "रविवारी येतोस? वर?"

"न यायला काय झालं! केव्हापासून वाट बघतोय मी," डुएन म्हणाला.

आर्विड हवेतच घरी गेला. डुएनचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं, म्हणून त्यानं चाकांच्या पायांना नवे बोल्ट घालायचं ठरवलं. तपासायला डुएनला बोलवावं असं मनात आलं, पण ज्याच्यासाठी करायचं त्यालाच कुठे राबवायचं? डावीकडचा नट त्यानं नुसता बोटांनी फिरवला. रंगाची नळी उघडीच होती, सुकून जाईल म्हणून ठिपका आधीच देऊन टाकला आणि पाना घ्यायला वळला. तेवढ्यात घरात फोन वाजला.

तो धावत गेला. फोनवर गाडीचा विमा विकणारा यंत्राचा आवाज होता. आर्विडनं तोही शेवटपर्यंत ऐकून घेतला. परत येऊन पाहतो तर नटावर ठिपका, म्हणजे काम झालेलं. त्यानं चाकावरचं झाकण लावून टाकलं.

शनिवारी शेवटचा तास उडून तो उतरला. चाकं गवताला टेकली आणि विमानाचा डावा पाय खाली मुडपला. पंख जमिनीवर घासत विमान गर्रकन फिरलं आणि थांबलं. धावपट्टीवरच असलेला डुएन पळत आला.

"लागलं का कुठे?"

"नाही."

डुएन पोटावर झोपून खाली बघू लागला. "बोल्टच गायब! ठिपका कुणी दिला होता?"

नवा बोल्ट खराब निघाला, एवढं म्हणणं पुरलं असतं. नट कुठल्यातरी शेतात पडला होता, आता कोण शोधणार?

"मी," आर्विड म्हणाला.

"आणि आवळला कुणी?"

"कुणीच नाही."

डुएन लालबुंद झाला. "गाढवा, उद्या मी बसणार होतो त्यात! एक फोन करायला तुझी बोटं झडली होती?"

"तुला कामं असतात."

"कुणी सांगितलं तुला?" असं ओरडून तो आपल्या गाडीकडे निघून गेला. रविवारी आलाच नाही. आर्विड दिवसभर खिडकीत बसून होता.

पंखाचा पत्रा बदलायचा होता. पत्रे जोडणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, ठोकताना एकानं बाहेरून हातोडा चालवायचा आणि दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा धरायचा. आर्विडनं एकट्यानं करून पाहिलं. हात पोचेनात, रिव्हेट वाकडे बसू लागले. शेवटी त्यानं फोन उचलला.

"डुएन, ठोकळा धरायला माणूस हवाय."

"कॉफी आहे ना?" पलीकडून डुएननं विचारलं.

शनिवारी डुएन आला. आर्विड ठोकत गेला, डुएन ठोकळा धरत गेला. दुपारी शेवटचा रिव्हेट बसला, डुएननं हात पुसले आणि टोपी उचलली. आर्विडनं घाईनं एका रिव्हेटवर बोट ठेवलं.

"हा वाकडा बसलाय," तो म्हणाला. "काढावा लागेल."

डुएननं मागून अंगठा फिरवून पाहिला. रिव्हेट उत्तम बसला होता. त्यानं आर्विडकडे पाहिलं. आर्विड पत्र्याकडे बघत होता.

"वाकडाच आहे," डुएन म्हणाला. "पुढच्या शनिवारी काढू. शेजारचे दोनही मला काही बरे दिसत नाहीत."