चारशे दहाचं माप

मापसाहेबांना रागाचाच पगार मिळतो, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून तळ उचललेलं तेलाचं माप, एका टोकाला बोटभर घासलेली कापड मोजायची पट्टी, हे सगळं त्यांनी डोळे मिटूनही ओळखलं असतं. घरफोडी करणारा निदान जीव मुठीत धरून येतो, पण खोटं माप ठेवणारा भर दुपारी, गोड बोलून, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत चोरी करतो आणि वर त्यालाच पिशवी धरायला सांगतो, असं ते म्हणत. हे म्हणताना त्यांच्या कपाळावरची शीर उभी राही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. खुर्ची गेली, शिक्का गेला, शीर तेवढी राहिली. बाजारात ते दिसले की भाजीवाली न सांगता एक टोमॅटो जास्त टाकी, आणि ते तो काढून परत देत. जास्तही नको. माप म्हणजे माप.

अशा माणसाच्या घरात विजेच्या गाडीचं रंगीत पत्रक आलं. आणलं त्यांच्या बायकोने.

बायकोला सगळे शिवणबाई म्हणत. टेकडीवरच्या वस्तीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, बारा मशिनींवर त्या बायकांना शिवण शिकवत. सोमवारी आणि गुरुवारी. जाऊन-येऊन सेहेचाळीस किलोमीटर. अकरा वर्षं त्या आपल्या जुन्या छोट्या गाडीने गेल्या. गाडी त्याच चालवत. मापसाहेबांना खात्याची जीप आणि जीपबरोबर ड्रायव्हर मिळाला, त्यामुळे ते जन्मात शिकले नव्हते. पण गेल्या साली बाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या पायाने यापुढे क्लच दाबायचा नाही. त्या चढाच्या रस्त्यावर क्लच दाबायचा नाही म्हणजे जायचंच नाही. बस होती, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि तिची पहिली पायरी भल्याभल्यांना हात टेकायला लावणारी. चार महिने शिकवणी बंद पडली. मग वस्तीतून निरोप आला: या महिन्याअखेर बाई आल्या नाहीत तर शेड सिमेंटच्या गोण्या ठेवायला द्यायची ठरली आहे, मशिनींचं काय करायचं तेवढं कळवा.

विजेच्या गाडीला क्लच नसतो. बाईंना तेवढं पुरेसं होतं. बिनक्लचची गाडी पेट्रोलवरही मिळते हे त्यांना ठाऊक होतं, पण गावातल्या पंपवाल्याशी मापसाहेबांचा सव्वीस वर्षांचा वाद होता. त्यापायी पेट्रोल भरायला त्यांना आजवर नऊ किलोमीटर उलटं जावं लागलं होतं. वीज काय, घरच्या भिंतीतून येते. भिंतीशी त्यांचं भांडण नव्हतं.

मापसाहेबांनी पत्रक भिंगाखाली धरलं. एका चार्जिंगमध्ये चारशे दहा किलोमीटर. आकड्याच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. त्या चांदणीचा माग काढत ते खाली खाली गेले, तर तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘आदर्श परिस्थितीत’.

“आदर्श परिस्थितीत मीसुद्धा मंत्री झालो असतो,” ते म्हणाले, आणि शीर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं शोरूममध्ये गेली. काचेचं भलंमोठं दालन, मध्ये आंघोळ घातल्यासारख्या गाड्या. पन्नाशीचा एक विक्रेता पुढे आला. दर दोन वाक्यांनी खोकायची त्याला सवय होती. त्याने बाईंना खुर्ची दिली आणि गाडी मापसाहेबांना दाखवायला सुरुवात केली. रंग, पडदा, गाणी, छताची काच. मापसाहेबांनी त्याला मध्येच थांबवून सांगितलं, की चालवणार या आहेत, मी फक्त मोजणार आहे. विक्रेता हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मग चाचणीची फेरी झाली. शोरूमपासून चौकापर्यंत, चौकाला वळसा आणि परत. नऊ मिनिटं. बाई उतरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की विक्रेत्याने लगेच फॉर्म काढला. मापसाहेबांनी फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला. चिमूटभर साखर जिभेवर ठेवून पोत्याचं वजन कळतं का, असं त्यांनी विचारलं. त्यांना गाडी पूर्ण भरून हवी होती आणि पूर्ण रिकामी होईपर्यंत हवी होती. विक्रेत्याने साहेबांना विचारून येतो म्हटलं, साहेबांनी वरच्या साहेबांना, आणि वरून उत्तर आलं की अशी पद्धत नाही.

पद्धत नाही हे दोन शब्द मापसाहेबांनी चौतीस वर्षं ऐकले होते. ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले आणि शोरूमच्या मधोमध खुर्चीवर बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते भिंग देत आणि चांदणी दाखवत. भांडत नव्हते, ओरडत नव्हते, नुसतं भिंग देत. चौथ्या दिवशी दुपारी मॅनेजरने दुसऱ्या दिवसासाठी गाडी देऊ केली. विक्रेता बरोबर जाईल, एवढी एकच अट.

तो दिवस वस्तीतल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. सकाळी सात वाजता गाडी निघाली. चालवायला बाई, शेजारी वही घेऊन मापसाहेब, मागे खोकणारा विक्रेता, आणि डिकीत शिवणाच्या मशिनीची दोन मुंडकी, घरच्या काट्यावर तोलून चोवीस किलो, कारण बाई दुरुस्तीची मशीन नेहमी तशीच नेत आणि माप घ्यायचं तर रोजच्या ओझ्यानिशीच घ्यायचं. गाडी टेकडी चढली, वस्तीपाशी वळली, उतरली, पुन्हा चढली. दर दहा किलोमीटरला मापसाहेब आकडा टिपत. दुसऱ्या खेपेला वस्तीतल्या बायका दारात आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात हलवले. चौथ्या खेपेला एकीने गाडी थांबवून पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच विचारलं, “बाई, साहेबांचं काही हरवलंय का?”

उन्हं तापली तसं विक्रेत्याने सुचवलं, एसी बंद केला तर आकडा वाढेल. मापसाहेब वळूनही न बघता म्हणाले, की गिऱ्हाईकाला घामात बसवून माप पुरं करायचं असेल तर तसं पत्रकात छापा. थोडं सावकाश घेतलं तर, असं तो पुढे म्हणाला. बाई मुळात चाळीसच्या वर गेल्याच नव्हत्या. वीस टक्के उरले तेव्हा त्याने परत फिरायची विनवणी केली. दहा उरले तेव्हा खोकला वाढला. पाच उरले तेव्हा तो देवाधर्माचं बोलू लागला. मापसाहेबांचं उत्तर एकच होतं, भांडं उलटं केल्याशिवाय माप कळत नाही.

साडेचारच्या सुमारास, सपाटीवरच्या एका बंद गोदामापुढे, गाडी काही न बोलता उभी राहिली. मापसाहेबांनी घड्याळ पाहिलं, आकडा पाहिला आणि वहीत दोन रेघांच्या मध्ये लिहिला. दोनशे अडुसष्ट. छापलेले चारशे दहा. तूट एकशे बेचाळीस.

“किलोमागे साडेतीनशे ग्रॅम,” ते म्हणाले. “असा वाणी असता तर मी त्याचं दुकान सील केलं असतं.”

ओढून न्यायची गाडी येईपर्यंत तिघं गोदामाच्या ओट्यावर बसली. बाईंनी डावा पाय लांब केला. दिवसभर गाडी चालवून गुडघा जरासुद्धा ठणकला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाकवून पाहिला.

घरी आल्यावर मापसाहेबांनी जाहीर केलं, की खोट्या मापाची वस्तू या दारात उभी राहणार नाही. आणि ते कंपनीला पत्र लिहायला बसले. पंचनाम्याच्या थाटाचं, चार पानी, कोष्टकासह. बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“आपल्याला एका दिवसाला किती लागतात?”

“सेहेचाळीस.”

“आणि गाडी देते किती?”

“दोनशे अडुसष्ट. पण छापलंय किती ते बघ ना.”

“मला छापलेल्यावरून जायचं नाहीये. रस्त्यावरून जायचंय.”

“मुद्दा तो नाही.”

“तुमचा नसेल,” बाई म्हणाल्या. “माझा तोच आहे. महिना संपायला सोळा दिवस आहेत.”

मापसाहेबांना हे लागलं, पण पटलं नाही. एकदा खोटं चालवून घेतलं की ते खोटं कायमचं चालू नाणं होतं. ज्या माणसाने स्वतःच्या मेव्हण्याच्या दुकानातली वजनं जप्त केली होती, त्याने आता बायकोच्या गुडघ्यासाठी डोळे मिटावेत? ते पत्र टाकायला निघून गेले.

गुरुवारी बाई कोणाला न सांगता बस स्टॉपवर गेल्या. अर्ध्या तासात परत आल्या. बस आली होती, त्यांनी दांडीला धरून एक पाय टाकला होता, दुसरा वर येईना, मागे लोक खोळंबले आणि कंडक्टरने बाजूला व्हायला सांगितलं. बस गेली. सांगण्यासारखं एवढंच होतं. मापसाहेब संतापाने लाल झाले. बसच्या पायरीची उंची किती असावी याचा नियम असतो, आत्ताच्या आत्ता लिहितो म्हणाले, आणि टेप घेऊन निघाले.

“आणखी एक तक्रार,” बाई म्हणाल्या. “घरात तक्रारी भरपूर झाल्या. मला चालवता येईल अशी गाडी मात्र एकही नाही.”

टेप मापसाहेबांच्या हातातच राहिली. पुढे सहा दिवस बाई त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलल्या, आणि गरज फार कमी निघाली.

महिना संपायला नऊ दिवस असताना कंपनीचं उत्तर आलं. दीड ओळ. ‘आपण आमचे ग्राहक नसल्याने आपली तक्रार नोंदवून घेता येत नाही.’

मापसाहेबांनी ते तीनदा वाचलं. मग उभे राहून, भाषण करावं तसं, बायकोला वाचून दाखवलं. म्हणजे आधी फसायचं, मग बोलायचं. वाण्याने सांगावं, आधी कमी साखर घेऊन जा, मग तोलून बघ, असं झालं. चौतीस वर्षांत इतका निर्लज्जपणा त्यांनी पाहिला नव्हता. ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा गेला.

“मग व्हा ग्राहक,” त्या म्हणाल्या.

मापसाहेब थांबले. खात्यात असताना ते हेच करत. साध्या कपड्यातल्या माणसाला दुकानात पाठवत, माल विकत घ्यायला लावत, आणि मगच काटा बाहेर काढत. खरेदी झाल्याशिवाय गुन्हा शाबीत होत नाही, हे त्यांनीच कितीतरी नव्या निरीक्षकांना शिकवलं होतं.

“चाचणी खरेदी,” ते पुटपुटले. त्यांनी लगेच चपला घातल्या.

शोरूममध्ये त्यांना पाहून मॅनेजर आत निघून गेला. खोकणाऱ्या विक्रेत्याने मात्र फॉर्म भरायला घेतला आणि गाडी कोणाच्या नावावर, असं विचारलं. मापसाहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी आपलं लायसन्स टेबलावर ठेवलं. चालवणारी मी, नाव माझं. विक्रेत्याने लिहिलं. मापसाहेबांच्या ध्यानात यायला घटकाभर गेली, की ग्राहक त्या झाल्या. म्हणजे तक्रारीवर सहीही त्यांचीच लागणार.

त्यांनी चार पानी पत्राची प्रत बायकोपुढे ठेवली. बाईंनी ते पत्र शोरूमच्या सोफ्यावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग विक्रेत्याकडून पेन मागून त्यांनी कापड बेतावं तसं ते बेतलं. लोकांच्या नीतीवरचं पान गेलं. पंपवाल्याचा उल्लेख गेला. उरलं एक पान: तारीख, रस्ता, ओझं, दोनशे अडुसष्ट. खाली त्यांनी स्वतःची एक ओळ घातली, ‘गाडी चांगली आहे, आकडा खोटा आहे, तो खरा छापा.’ आणि सही केली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. विक्रेत्याने दालनाच्या आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, खोकला, आणि म्हणाला, “मी गाडीत होतोच की.” त्यानेही सही केली.

महिना संपायला चार दिवस असताना गाडी वस्तीत पोचली. शेडपुढे सिमेंटवाल्याचा माणूस जागा मोजत होता. बाईंनी त्याला दोरी गुंडाळायला सांगितलं. बारा मशिनींच्या खोळी निघाल्या आणि दुपारपर्यंत शेडमध्ये बारा तऱ्हांची खडखड सुरू झाली. खाली घरी मापसाहेब रोज पोस्टमनची वाट बघत अंगणात उभे राहत.

कंपनीचं उत्तर या वेळी पाकिटात आलं, सोबत एक मोठं खोकं. प्रिय ग्राहक, आपली तक्रार क्रमांकासह नोंदवली आहे, विचार चालू आहे, तोवर सदिच्छा म्हणून सीटसाठी भारी कव्हरं पाठवत आहोत. मापसाहेबांचा राग उफाळून आला. आकडा मागितला तर गवसणी पाठवतात, असं म्हणत ते खोकं परत करायला निघाले.

बाईंनी ते त्यांच्या हातून घेतलं. एक कव्हर झटकून सीटवर चढवलं. कोपऱ्यात बसेना. खेचलं, तर शिवण उसवली. त्यांनी ब्लाउजमध्ये खोचलेली सुई काढून टाका उचलून पाहिला, मग टेप लावली. दोन इंच आखूड. दुसरं कव्हर, तेही दोन इंच. अंतर देऊन घातलेला, धावता, कच्चा टाका, आणि वर लेबल, ‘हाताने काळजीपूर्वक बनवलेले’.

मापसाहेबांनी बायकोला एवढ्या वर्षांत रागावलेलं पाहिलं होतं, पण बाईंच्या कपाळालाही शीर आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

“हे माझ्या पहिल्या महिन्यातल्या पोरीनेसुद्धा हातातून सोडलं नसतं,” बाई म्हणाल्या. “वही आणा तुमची. आणि मध्ये बोलू नका, मी सांगते तसं लिहा.”

मापसाहेब मुकाट्याने वही घेऊन बसले.