आकाशातून न पडलेला दगड

डिचोलीच्या ज्या उच्च माध्यमिक शाळेत मी भूगर्भशास्त्र शिकवते, तिथे पूर्वी माझ्याकडे दगड घेऊन कोणी येत नसे. मग एका संध्याकाळी कोकणपट्टीच्या आकाशातून एक हिरवट जाळ सरकत गेला. तो अनेकांनी पाहिला, मोबाइलवर टिपला, आणि उल्कापाषाण मौल्यवान असतो ही बातमी घरोघरी पोचली. त्यानंतरच्या महिन्यांत प्रयोगशाळेच्या दारात माणसं उभी राहू लागली. मयेच्या तळ्याकाठी हॉटेल चालवणाऱ्या एका गृहस्थांनी गुळगुळीत लोखंडी गोळा आणला. तो खाणीवरच्या यंत्रातला निघाला. हळर्णच्या एका निवृत्त कारकुनांनी किल्ल्याच्या पायथ्याचा जांभा आणला. मी चुंबक लावायची, फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासून रेघ बघायची आणि दोन मिनिटांत सांगायची, "नाही हो, हा उल्कापाषाण नाही." माणसं पिशवी उचलून निघून जायची. कारकून तर पायरीवर थोडा वेळ बसून राहिले होते. मी तास घ्यायला वर्गात गेले. त्यात काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही.

इब्रामपूरच्या काकी आल्या त्या मार्चमध्ये. साठीच्या, बारीक चणीच्या, काजूच्या बागेवर संसार केलेल्या. दोन बस बदलून आल्या होत्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला दगड त्यांनी मांडीवरच ठेवला होता.

"टीचर, बागेतलो पालो लोटताना हो गावलो," त्या म्हणाल्या. "पेपरात लिवलेलां तसो आकाशातलो काय तां बघा."

दगड नारळाएवढा, काळा, आकारापेक्षा जड. चुंबक त्याच्याकडे हलकेच ओढलं गेलं. फरशीवर लाल रेघ उमटली नाही, म्हणजे आमच्याकडचं नेहमीचं लोहखनिजही नव्हतं. पृष्ठभागावर अंगठा दाबल्यासारखे खळगे होते. खरं सांगायचं तर मलाही तो आकाशातलाच वाटू लागला. मी त्यांची परवानगी घेऊन एक कोपरा कापला. आत बारीक बारीक पोकळ्या होत्या, उंड्याचा गोल पाव मोडल्यावर त्याच्या पोटात दिसतात तशा. उल्कापाषाणाच्या आत अशा पोकळ्या सहसा नसतात.

"काकी, हा आकाशातला नाही," मी म्हटलं.

बाकीचे सगळे यावर एकच विचारत, "नक्की?" काकींनी तसं विचारलं नाही. त्यांनी कापलेली बाजू उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"बरां," त्या म्हणाल्या. "मगे खंयचो?"

मग दगड कुठला, हा प्रश्न इतक्या महिन्यांत कोणी केला नव्हता. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की लोखंड भट्टीत तापवलं की त्यातला मळ वितळून तळाशी साचतो, आणि निवला की त्याचा असा दगड होतो. त्याला कीट म्हणतात.

"म्हणजे आमच्या बागेत भट्टी होती?"

"बागेत किंवा जवळपास. कधी, ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी दगड पुन्हा गुंडाळला. मग म्हणाल्या की तो चार दिवस तुळशीपुढे होता, गावातल्या बायका फुलं वाहून गेल्या होत्या, आणि पुतण्याच्या खटपटीने एका स्थानिक पेपरात त्यांचा दगडासकट फोटो आला होता. मी म्हटलं, "मी पत्र लिहून देते. पुतण्याला गावात वाचून दाखवायला सांगा."

"नको. दगड मीच घेवन इलंय, गावाक मीच सांगतलंय. तुमी आयतवारा येवा. कोणी उलट विचारल्यान तर माका सांगूक येवचां नाय."

रविवारी मी गेले. सकाळची आरती आटोपली होती आणि देवळाच्या मंडपात तीस-चाळीस माणसं होती. काकींनी दगड खाली मांडला, कापलेली बाजू वर करून, आणि उभ्या राहिल्या.

"हो दगड आकाशातलो नाय," त्या म्हणाल्या. "टीचरनी माझ्यासमोर कापून बघल्यानी. मी चुकलंय. तुमी फुलां घातलात ती माझ्या सांगण्यावर घातलात, म्हणून तुमका सांगूक इलंय."

मागे कोणीतरी हसलं. त्यांचा पुतण्या, जो फोटोच्या वेळी पेपरवाल्याला घेऊन आला होता, तो तोंड पाडून म्हणाला, "काकी, पेपरात फोटो इलो. आता लोक हसतले."

"हसूं देत. चार दिवस हसतले. तू पेपरवाल्याकय फोन कर."

त्याने पुढच्या आठवड्यात फोन केला, आणि आतल्या पानावर चार ओळी छापूनही आल्या. मंडपात मी कीट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तेव्हा खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ हळूच बोलले, "त्या बागेच्या वरल्या अंगाक लोहाराची खोप होती, असां माझो बापूस सांगी. कोयते, कुदळी थंयच करीत."

काकी वळल्या. "खंय? दाखवा माका."

आम्ही पाच-सहा जण त्यांच्यामागून बागेत गेलो. म्हाताऱ्यांना उतारावर हात धरून नेलं. त्यांनी काठीने दाखवलेल्या जागी काकींनी पाला बाजूला केला. आधी काळे खडे निघाले, मग भाजलेल्या मातीच्या नळीचा बोटभर तुकडा, एका टोकाला वितळून काचेसारखा झालेला. भात्याचा वारा भट्टीत सोडायची ती नळी असावी. काकींनी ती तळहातावर घेतली. ज्या बागेत त्या चाळीस वर्षं काजू वेचत होत्या, तिथे आपल्याआधी कोणी दिवसभर आगीसमोर बसत असेल, हे त्यांच्या मनात आलं असावं. बोलल्या मात्र एवढंच, की या पाच झाडांखाली आता यंत्राने गवत कापायचं नाही.

त्यांनी तसं केलं. तुकडा सापडेल तिथे काठी रोवली, वहीत जागा लिहिली. पणजीहून जाणकार येऊन दोन तुकडे घेऊन गेले. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. काकी त्यासाठी अडून राहिल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून एक चुंबक नि एक फरशी मागून नेली, आणि वर्षभरात पेडणे तालुक्यातले दगड माझ्याकडे येणं कमी झालं. ते इब्रामपूरला जाऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा दोडामार्गकडचा एक ट्रकचालक आला. खनिजाची वाहतूक करणारा, चाळिशीचा. त्याने दगड दोन महिने ट्रकमध्ये देवाच्या तसबिरीपुढे ठेवला होता. काकींनी आधी चहा दिला. दगड कुठे सापडला, तो का उचलावासा वाटला, सगळं विचारून घेतलं.

"थंय सगळे दगड तांबडे होते," तो म्हणाला. "हो एकटोच काळो नि जड."

"नजर बरी आसा तुझी," काकी म्हणाल्या. मग फरशी त्याच्याच हातात दिली. "घासून बघ."

त्याने घासलं. तांबडी रेघ उमटली.

"ह्यां खनिज," काकी म्हणाल्या. "तू रोज ट्रकात घालून व्हरतंस तांच."

तो रेघेकडे बघत राहिला. कप रिकामा होईपर्यंत काकींनी घाई केली नाही. वहीत त्याचं नाव लिहिलं, जागा लिहिली, वजन लिहिलं. मला त्या पायरीवर बसलेल्या कारकुनांची आठवण झाली आणि लाज वाटली. चाचण्या मीच शिकवल्या होत्या. माणसाला नाही कसं सांगायचं, ते मी या बाईंकडून शिकत होते.

थोड्या वेळाने चालकाने विचारलं, "तुमच्या बागेत कायतरी गावलां म्हणतत. तां माका बघूक मेळात?"

"चल," म्हणत काकींनी चपला घातल्या, आणि ते दोघे उताराने खाली गेले. तो पुढे जाऊन फांद्या बाजूला धरत होता, आणि काकी मागून त्याला सांगत होत्या की काठ्या रोवल्या आहेत, पाय जपून टाक.