शिरीषचं नाक

शिरीष हा माझा कॉलेजातला मित्र. पुण्याबाहेर त्याची छोटीशी ब्रुअरी आहे. परवा गेलो, तेव्हा त्यानं नव्या बिअरचे तीन लहान ग्लास टेबलावर मांडले आणि बायकोला हाक मारली. मेधानं पहिला ग्लास नाकाशी नेला.

"ही गव्हाची. पिकल्या केळ्याचा वास आहे, मागून किंचित लवंग."

"आणि ही?"

"कोकमाची. आंबट, जराशी खारट."

काळ्या बिअरला तिनं वेळ घेतला. "भाजलेली कॉफी. शेवटी करपल्या भाकरीच्या कडेसारखी कडू."

आपल्याच गावची खुशाली दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी, तसा शिरीष ऐकत होता. गेल्या वर्षीच्या तापात त्याची वास घेण्याची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. कधी थेंबही न घेतलेली मेधा आता त्याच्यासाठी चाखते.

ती आत गेल्यावर मी म्हणालो, "छान जमवलंत की दोघांनी."

"बिअरचं जमतं रे. लेक बाळंतपणाला आलीय. सगळे नातीच्या टाळूचा वास घेतात. मेधाला विचारलं, कसा येतो? म्हणाली, तेलाचा, वेखंडाचा, दुधाचा. आणि मग बाळाचा. तो कसा सांगू म्हणाली."

काही गोष्टी दुसऱ्यानं कितीही सांगितल्या तरी आपल्या होत नाहीत.

"तरी रोज हुंगतो नातीला," शिरीष म्हणाला. "तिला तर माझा वास येत असेल ना?"